दिवस मावळायच्या आत

कोकिळाने परातीतला शेवटचा गोळा हातावर घेतला आणि दारात रिक्षा थांबली. पाठोपाठ अक्कांचा आवाज आला, "अरे दादा, त्या पिशवीवर पाय नको देऊ, लोणचं शे तिच्यात!"

तरी कोकिळाने गोळा थापलाच. कोणी आलं म्हणून शेवटची भाकरी अर्धी सोडायची नाही, हे सासूबाईंनी तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. भिकुबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली, पण असोद्याच्या या घरात शेवटची भाकरी अजून कुत्र्याचीच होती. परातीला चिकटलेलं पीठ खरवडून केलेली नव्हे. मुठीने मोजून घेतलेल्या पिठाची, फक्त जरा लहान. ती ओट्याखालच्या सपाट दगडावर ठेवायची आणि मागे वळून बघायचं नाही. गल्लीतलं कोणतंही कुत्रं येऊन घेऊन जाई. गंमत अशी, की जिथे पन्नास वर्षं रोज कुत्र्याची भाकरी होत आली त्या घराने स्वतः कुत्रं असं कधी पाळलंच नव्हतं. "नाव ठेवलं की जीव लागतो," भिकुबाई म्हणायच्या. "बिननावाच्याला घालावी आणि मोकळं व्हावं."

आणि आज, मार्गशीर्षातल्या या रविवारी, त्याच घरची माणसं पिंप्राळ्याला कुत्रं बघायला निघाली होती. मुलगी बघायला निघावं तशी, धुतलेले कपडे घालून.

"कुठे आहे झुलाल?" अक्का उंबऱ्यातूनच म्हणाल्या. त्यांच्यामागे मेघा दोन पिशव्या सावरत होती. कोकिळाची ही लेक धुळ्याला कॉलेजात होती आणि तिथेच देवपूरला अक्कांच्याच घरी राहायची.

पुढच्या खोलीत कोकिळाचे सासरे, नाना, खिडकीशी बसले होते. समोर काठी, मांडीवर टाळ. हा टाळ ते रोज सकाळी फडक्याने पुसत. गावातल्या सप्त्यात चाळीस वर्षं कीर्तनकाराच्या मागे उभं राहून त्यांनी तो वाजवला होता. दिवाळीआधी पाय घसरल्यापासून उभं राहणं सुटलं, पण पुसणं सुटलं नव्हतं.

"ये अक्का."

"बारीक झालास."

"तू मागच्या खेपेलाही हेच म्हणालीस."

"मागच्या खेपेलाही बारीकच झाला होतास." अक्का त्यांच्याजवळ टेकल्या आणि दोघं भावंडं एकदम आपल्या बोलीत शिरली. पांझरेकाठच्या त्यांच्या गावची ही अहिराणी. नाना वयाच्या बाराव्या वर्षी मामाच्या शेतीवर असोद्याला आले, साठ वर्षं इथे काढली, तरी अक्का दिसल्या की त्यांच्या तोंडात तीच यायची. "बठ्ठा कामले जातस. तू एकला घरमा. आते माले काही ऐकनं नही शे, झुलाल. उद्या सकाळनी गाडीवर मनासंगे चाल."

"असोदा सोडीसन मी कथाच येत नही."

स्वयंपाकघरात कोकिळाचा हात थबकला. उद्या न्यायचं नानांना? अक्का चार दिवसांसाठी येणार, एवढंच नवरा म्हणाला होता. तिने दाराकडे पाहिलं. नवल पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभा होता आणि तिच्याकडे न बघता बाहेर निघाला होता.

"तुम्हीच फोन केला ना त्यांना?" तिने हळूच विचारलं.

"मग काय करू? मी सकाळी सातला केळीच्या गाड्या भरायला जातो. दीपक कंपनीत. तू वेफरच्या शेडवर. पुन्हा पडले तर?"

"एकदा पडले. लगेच उठलेही."

हे म्हणताना तिचा आवाज जितका सरळ राहायला हवा होता तितका राहिला नाही. पण नवलला ते कळलं नाही. बायकोच्या आवाजातल्या गाठी त्याला कधीच कळल्या नव्हत्या.

कुत्र्याची कल्पना मेघाची. आजोबांजवळ दिवसभर कोणीतरी जागं असलं तर अक्काआजीचा हट्ट मोडेल, असं तिने फोनवर आईला सांगितलं आणि आईने ते दोन्ही हातांनी धरलं. मेघाच्या भावाने, दीपकने तर आठवडाभर मोबाइलवर कुत्र्यांशिवाय दुसरं काही बघितलं नव्हतं.

"लॅब्रॅडॉर," जेवताना तो म्हणाला. "पिंप्राळ्याला गौतमचंद शेठकडे पाच पिल्लं आहेत. आपले ढेपवाले शेठ. नानांना ओळखतात म्हणून एक द्यायला तयार आहेत."

"शेतात न्यायला बरं पडेल का?" नवलने विचारलं. "रानडुकरं केळीत घुसतात."

"पप्पा, लॅब डुकराला बघून शेपटी हलवेल."

"मग उपयोग काय त्याचा?"

"आणि खाणार काय ते?" अक्कांनी ठेचा वाढून घेत विचारलं. "माळकऱ्याचं घर आहे हे. एकादशीला इथे भाकरीसुद्धा होत नाही. कुत्र्याला काय भगर घालणार?"

"अक्का," नाना शांतपणे म्हणाले, "त्याच्या गळ्यात पट्टा असेल. माळ नसेल."

मेघाला ठसका लागला. अक्काही हसल्या, पण हसून झाल्यावर त्यांनी भावाच्या काठीकडे पाहिलं. "बघू. मला तिथे पटलं तर पटलं. नाहीतर याची पिशवी मी भरणार."

*

दीपकने मित्राची व्हॅन आणली होती. रस्ताभर दोन्ही बाजूंनी केळी. नाना पुढे बसले होते आणि त्यांचं ओठातल्या ओठात काही चाललं होतं. नाम घेत असावेत, किंवा बैलाची निवड आठवत असावेत. कारण मध्येच ते म्हणाले, "मालकाने धरून दाखवलेलं जनावर कधी घेऊ नये. सोडलेलं बघावं."

"नाना, हा बैलबाजार नाही," दीपक म्हणाला.

"चार पायांचं आहे ना?"

गौतमचंद शेठ फाटकातच उभे होते. "पधारो नाना, पधारो! किती वर्षांनी!" ज्या माणसाकडून तीस वर्षं बैलांसाठी सरकीची ढेप घेतली, त्याच्या घरी नाना पहिल्यांदाच आले होते. शेठनी हात धरून त्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं. शेठचा मुलगा श्रेयांस पिल्लांची टोपली घेऊन आला आणि त्याची बायको चेलना पाण्याचे पेले घेऊन.

पिल्लं म्हणजे लोण्याचे गोळे. एक दीपकच्या बुटाची नाडी ओढू लागलं, दुसरं मेघाच्या ओढणीत शिरलं. नवलच्याही चेहऱ्यावर हसू आलं. कोकिळा मात्र मनात मोजत होती: सकाळी डबे, मग शेड, मग संध्याकाळचा स्वयंपाक. यात हे कुठे बसवायचं?

तिने चेलनाला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, खरं सांगा. याचं किती करावं लागतं?"

चेलना दुकानात पतीच्या बरोबरीने बसणारी बाई होती. तिने मालाची तारीफ केली नाही. "खरं सांगू? दिवसातून चार वेळा खाणं. दर दोन तासांनी अंगणात न्यायचं, नाहीतर घरात करेल. दात येताना चपला, खुर्च्या, सगळं चावेल. उन्हाळ्यात आपल्याकडची गरमी याला सोसत नाही, कूलर लागतो. आणि वर्षभरात एवढं होतं." तिने कमरेपर्यंत हात धरला. "उडी मारली तर मीच पडते. सकाळी नऊ ते सहा तुमच्याकडे घरी कोण असतं?"

सगळ्यांनी एकदम नानांकडे पाहिलं.

"म्हणजे," अक्का म्हणाल्या, "कुत्रं झुलालला सांभाळणार की झुलाल कुत्र्याला?"

दीपकचा चेहरा पडला. पिल्लं पारखायला नानांनी टेकवलेली काठी हळूच सोडून दिली. ती फरशीवर खाडकन आपटली. पिल्लं दचकून टोपलीमागे पळाली आणि लगेच परत येऊन काठीचं टोक चावू लागली.

तेवढ्यात व्हरांड्याच्या कोपऱ्यातून कोणीतरी उठलं.

तिथे एक वेताची खुर्ची होती. रिकामी, पण गादी घातलेली. तिच्याखालून एक तांबूस गावठी कुत्रा बाहेर आला. एक कान उभा, एक पडलेला. तोंडाजवळ केस पांढरे व्हायला लागलेले. तो कोणाकडे न बघता सावकाश चालत आला आणि पडलेल्या काठीशेजारी, नानांच्या उजव्या गुडघ्याला लागून, उभा राहिला. वास घेतला नाही, शेपटी हलवली नाही. कोणाच्या तरी उठण्याची वाट बघावी तसा नुसता उभा राहिला.

नानांनी खाली वाकून काठी उचलली. उठताना तोल जरासा गेला, तसा कुत्र्याने आपली बरगडी त्यांच्या पायाला टेकवली. आधार म्हणावा इतकी नाही. पण होती.

"लाडू!" चेलनाच्या तोंडून निघालं आणि तिने पदर तोंडाशी नेला.

गौतमचंद शेठनी वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या माँसाचा, माझ्या आईचा आहे तो. पानबाईंचा. रस्त्यावर सापडला होता, एवढासा. त्यांनीच वाढवला. सहा वर्षं त्यांच्या खुर्चीखाली. रोज सकाळी त्या स्तवन म्हणायच्या, हा डोळे मिटून ऐकायचा. चार महिने झाले त्यांना जाऊन. खुर्ची हलवली तर खात नाही, म्हणून खुर्चीही तिथेच ठेवली आहे."

"दिवसभर एकटाच असतो," चेलना म्हणाली. "आम्ही सगळे दुकानात."

नाना पुन्हा बसले. कुत्रा त्यांच्या पायाशी टेकला. आणि नानांनी, एवढ्या माणसांत जराही न संकोचता, गुडघ्यावर बोटांनी ताल धरून हळू आवाजात नाम सुरू केलं. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. त्यांचा आवाज आता पूर्वीचा नव्हता, पण ताल तोच होता. वीस टाळकऱ्यांत ओळखू यावा असा. दुसऱ्या आवर्तनाला कुत्र्याने डोळे मिटले आणि हनुवटी नानांच्या चपलेवर ठेवली.

अक्कांनी चष्मा काढला. "झुलाल, आपला गावना काळा कुत्रा आठवस का तुले? सप्तामा मंडपनी कनातले टेकीसन बसे?"

"आठवस. आरती व्हयनी की उठे."

"आणि आपल्या बैलगाडीमागे घरापर्यंत येई. तू झोपेल राहे मना खांदावर." त्या बाकीच्यांकडे वळल्या. "पाच वर्षांचा होता हा. आठ वर्षांची मी. उतरवून घेताना म्हणायचा, कुत्र्याला घरात घे, त्यानेही कीर्तन ऐकलंय."

शेठ हसले, डोळे पुसत. कोकिळाला वाटलं, आता झालं. अक्का विरघळल्या. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"कोणी पडलं... तर हा भुंकतो का हो?"

चेलनाने तिच्याकडे पाहिलं. "माँसा न्हाणीत पडल्या होत्या दोन वर्षांपूर्वी. आम्ही कोणी नव्हतो. हा फाटकाशी येऊन इतका भुंकला की समोरचे लोक भिंतीवरून उतरून आले. दहा मिनिटांत उचललं त्यांना."

दहा मिनिटांत.

कोकिळाला समोरचं दिसेनासं झालं. ओढणी, पिल्लं, खुर्ची, सगळं पाण्यातून बघावं तसं. "आमच्याकडे भुंकणारं कोणी नव्हतं," ती म्हणाली.

"कोकिळा, राहू दे," नाना म्हणाले.

"नाही नाना. आता नाही." ती नवलकडे वळली. "ते लगेच उठले नव्हते. दहाला पडले, मागच्या अंगणात. मी एकला जेवायला आले तेव्हा तिथेच होते, उन्हात. तीन तास. ओरडून ओरडून आवाज बसला होता. मला म्हणाले, कोणाला सांगू नको, सांगितलंस तर मला धुळ्याला नेतील. मी नाही सांगितलं. मलाही त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं."

नवल भिंतीचा एक पोपडा नखाने काढत राहिला. "मी मुलगा आहे त्यांचा," एवढंच म्हणाला.

"तीन तास," अक्का म्हणाल्या. "आणि मला फोनवर सांगतोस, जरा घसरलो." त्या उठल्या. "शेठजी, तुमचा कुत्रा लाखात एक आहे. पण माझ्या भावाला मी घेऊन जाणार."

लाडूला न्यायचं की नाही, हे मग कोणी बोललंच नाही. ते ठरवलं त्यानेच. नाना व्हॅनकडे चालू लागले तसा तो त्यांच्या उजव्या बाजूने चालत गेला आणि दारापाशी उभा राहिला. गौतमचंद शेठ आत गेले आणि वेताच्या खुर्चीवरची गादी घेऊन आले. "ही राहू द्या त्याच्याजवळ," ते म्हणाले. "आणि नाना, कधी परत आणावासा वाटला तर... खुर्ची मी हलवणार नाही."

*

घरी पोचेपर्यंत चार वाजले. लाडूने सगळ्या खोल्या बघितल्या, मागच्या अंगणात जिथे नाना पडले होते नेमकं तिथलं गवत हुंगलं, आणि नानांच्या खाटेखाली गादीवर जाऊन बसला. अक्का दोरीवरून नानांचे सदरे काढून घड्या घालत होत्या. एक, दोन, तीन. कोकिळा मध्ये पडली नाही. कोणत्या तोंडाने पडणार?

मेघा अक्कांच्या बाजूची झाली होती. "आई, तीन तास म्हणजे... तू सांगायला हवं होतंस." दीपक आईच्या. "सांगितलं असतं तर नाना गेलेच असते." नवल कोणाच्याच बाजूचा नव्हता. तो शेतात पाणी धरायला जातो म्हणून गेला, तो दिवेलागण होऊन गेल्यावर आला. आल्यावर मात्र त्याने वडिलांच्या पायांना तेल लावायला घेतलं. ते पडल्यापासून पहिल्यांदा.

स्वयंपाक आठला झाला. कोकिळाने शेवटची भाकरी थापली, मोजून घेतलेल्या पिठाची. पण आज ती दगडावर ठेवायची नव्हती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा या घरात ती खाणारं, नाव असलेलं कोणी होतं. तिने भाकरी दुधात कुस्करली आणि ताटली लाडूसमोर ठेवली.

लाडूने ताटलीकडे पाहिलं. मग मान फिरवली.

"ताप आहे का त्याला?"

"प्रवासाने दमला असेल."

"तूप घाल जरा."

तूप घातलं. गूळ घातला. दीपकने हातात घास धरला. लाडू विनयाने तोंड वळवत राहिला, आग्रहाला नाही म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.

"माणसाची आठवण आहे ही," नाना म्हणाले. "त्याला परत पाठवा. उपाशी नको मरायला माझ्यापायी."

कोकिळाने चेलनाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"अरे देवा, काकू! सांगायचंच राहिलं!" चेलना म्हणाली. "माँसा सूर्यास्तानंतर काही घ्यायच्या नाहीत, आम्हा जैनांत पाळतात तसं. त्या जेवायच्या तेव्हाच याला वाढायच्या. सहा वर्षांत त्याने दिवा लागल्यावर फक्त पाणी प्यायलंय. त्या गेल्यापासून मी रोज साडेपाचला दुकानातून उठून घरी यायचे, फक्त याला घालायला. आज काही होणार नाही, सकाळी खाईल. उद्यापासून मात्र दिवस मावळायच्या आत."

फोन ठेवला.

दिवस मावळायच्या आत या घरात कोण असतं? शेड सहाला सुटतं. नवल सातला येतो, दीपक आठला.

"तो माळकऱ्यांच्याही वरचा निघाला," दीपक पुटपुटला, पण कोणाला हसू आलं नाही.

"मी घालेन," नाना म्हणाले.

"तू?" अक्कांनी सदऱ्याची घडी खाली ठेवली. "तुले चहा तरी करता येस का? जन्मभर ताटावर येऊन बसलास. भिकुबाईने पाणीसुद्धा तुला हातात दिलं."

"भाकरी कोकिळा करून ठेवेल. कुस्करणं मला येतं." नाना अक्कांकडे बघत नव्हते, खाटेखाली बघत होते. "गेल्या वर्षी सप्त्यात बुवा काय म्हणाले होते, आठवतं? देवाला आपली गरज नाही असं समजू नका. नैवेद्य ठेवणारा हात आला नाही, तर तोही उपाशी बसून राहतो. मला तेव्हा वाटलं होतं, आपला हात आता कशालाच लागत नाही. टाळही नुसता पुसायला."

अक्कांनी उरलेले सदरे बाजूला सारले.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबते," शेवटी त्या म्हणाल्या. "पण मी हात लावणार नाही. नुसती बघणार. विसरलास, झोपलास, काही झालं, तर परवाची गाडी."

*

सोमवारी शेडवर कोकिळाचं लक्ष नव्हतं. अकरा बायका केळ्याच्या चकत्या पाडत होत्या, कढई उकळत होती आणि ती खिडकीतून सूर्य बघत होती. पाच वाजले. सव्वापाच. तिने घरी फोन लावला. नानांनी उचलला नाही. पुन्हा लावला. वाजत राहिला.

कढईत शेवटचा घाणा होता. तो टाकून निघता येत नव्हतं, आणि निघाल्याशिवाय राहवत नव्हतं. नाना पडले नेमका त्या दिवशीही असाच घाणा होता कढईत. नाहीतर ती बाराला आली असती. "भाविका, हे काढ," तिने शेजारच्या मुलीला झारा दिला आणि ॲप्रन न सोडताच स्कूटी काढली.

असोद्याच्या रस्त्याने उजवीकडे केळीच्या पानांवरून सूर्य तिच्याबरोबर धावत होता. लाल, मोठा, प्रत्येक वळणावर जरा खाली. ती देवाला काय म्हणत होती तिचं तिलाच कळत नव्हतं. गावात शिरली तेव्हा देवळाच्या कळसावर थोडं ऊन होतं. गल्लीत वळली तेव्हा तेही नव्हतं.

ओट्यावर तिघं बसली होती.

अक्का खाटेवर, दोन्ही हात मांडीवर, शाळेत मास्तरांनी बसवावं तशा. नाना पायरीवर, टोपीवर पिठाचा पांढरा पट्टा. त्यांच्यापुढे दोन रिकाम्या ताटल्या आणि त्यांच्या मध्ये लाडू, ओठ चाटत.

"फोन का नाही उचललात?" कोकिळा स्कूटीवरूनच ओरडली.

"हाताला दूध-भाकर लागली होती," नाना म्हणाले. "आणि उशीर होत होता. तू उशिरा आलीस. आम्ही जेवलो."

"आम्ही?"

"त्याला एकट्याला वाढवेना. मीही त्याच्याबरोबर बसलो. आता रोज हीच वेळ."

कोकिळा पायरीवर टेकली. आतल्या दारातून तिला नानांची पिशवी दिसली, खुंटीला टांगलेली, सपाट. सदरे पुन्हा दोरीवर होते.

"तीन वाजल्यापासून सूर्याकडे बघत होता हा," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज कालच्यासारखा नव्हता. "दर पाच मिनिटांनी विचारायचा, अक्का, किती वाजले? मग स्वतः उठला. भाकरीचा समजून पिठाचा डबा उघडला, पीठ सांडलं, मग भाकरी कुस्करली. मी हात लावला नाही. काठीही विसरून गेला होता आत. तो लाडू चालला बरोबर." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "झुलालला कोणाची वाट बघताना मी बघितलं होतं, कोकिळा. कोणासाठी घाई करताना नव्हतं बघितलं, भिकुबाई गेल्यापासून."

"अक्का, मी ते लपवलं..."

"ते मी विसरणार नाही. मागच्या अंगणात दोन्ही बाजूंनी कठडा लावायचा, नवलला सांगितलंय. उद्याच. आणि फोन गळ्यात अडकवायचा." मग बोलीत, अंधारू लागलेल्या गल्लीकडे बघत म्हणाल्या, "उद्या सकाळनी गाडी शे मनी. तुनाशिवाय. पण झुलाल, रोज लाडू जेवना की माले फोन कर. साडेपाचले. मना घरमा भी तवय कोणी नसस."

नानांनी मान वळवून बहिणीकडे पाहिलं. देवपूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर मुलगा-सून नोकरीला, मेघा कॉलेजला, आणि अक्का खिडकीशी. हे त्यांच्या इतक्या वर्षांत कधी मनात आलं नव्हतं. कोकिळाच्याही नाही. सगळ्यांना वाटायचं, अक्का न्यायला येतात. त्या कोणालातरी बोलवायला येत होत्या.

"करीन," नाना म्हणाले. "आणि सप्त्याला तू इकडेच ये. आठही दिवस. मी बसून वाजवीन, तू माझ्यामागे बस."

आठ वाजता स्वयंपाक झाला. सवयीने कोकिळाच्या हाताने शेवटचा गोळा घेतला, थापला, शेकला. शेकून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की लाडू तर दिवस मावळायच्या आतच जेवलाय. मग बाहेर जाऊन ती नेहमीच्या दगडावर ठेवली, बिननावाच्यांसाठी.

आज तिने मागे वळून बघितलं. लाडू उंबऱ्यापर्यंत आला होता. त्याने भाकरीकडे पाहिलं, वर काळोख्या आभाळाकडे पाहिलं, आणि आत जाऊन नानांच्या पायाशी हनुवटी टेकून डोळे मिटले. आत टाळ वाजायला लागला होता.